काळ्या रेक्झिनमधला थिसिस

“तंबाखू खाता का?”

2000 सालच्या पावसाळ्यात हा प्रश्न मी रोज सकाळी दहा ते एक या वेळात विचारत होते. हातात झेरॉक्स केलेला चार पानी फॉर्म, अ‍ॅप्रनच्या खिशात दोन पेनं (एक कुणीतरी नेणारच, म्हणून दुसरं), आणि समोर पीएनसी वॉर्डातल्या खाटेवर बाळंत होऊन एक-दोन दिवस झालेली बाई. कुशीत कुंचीतलं बाळ, उशाशी सासू नाहीतर आई. उत्तर ठरलेलं असायचं. “नाही बाई.” मी ‘नाही’पुढे टिक करायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायची.

मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएममध्ये (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) एमडी करत होते. आता या विषयाला कम्युनिटी मेडिसिन म्हणतात. नाव बदललं, पण सर्जरीवाल्या मित्रांच्या लेखी आम्ही अजूनही ‘संडास-विहिरीवाले’च आहोत, कारण त्यांना आमचं फक्त म्युझियम आठवतं आणि त्यातलं संडासाचं मॉडेल. असो. माझ्या थिसिसचा विषय होता धूरविरहित तंबाखू (म्हणजे न पेटवता वापरतात ती) आणि बाळाचं जन्मवजन. विषय गाइडनी निवडला, तोही एका व्यवहारी कारणाने. वॉर्ड खालच्या मजल्यावर होता आणि बाळंतिणींची तिथे कधी ददात नव्हती.

डिझाइन केस-कंट्रोल. ज्यांनी कधी हा शब्द ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आजार झालेली माणसं घ्यायची, न झालेली माणसं घ्यायची आणि दोघांनाही मागचं विचारायचं. माझ्या ‘केस’ म्हणजे 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ झालेल्या शंभर आया. ‘कंट्रोल’ म्हणजे 2500 किंवा जास्त वजनाचं बाळ झालेल्या शंभर. शंभरच का? कारण शंभरावर टक्केवारी काढायला सोपी जाते. सँपल साइझचं सूत्र सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, नंतर बसवलं, आकडा आधी ठरला होता. हे पाप एकटीचं नाही, त्या काळच्या माझ्या निम्म्या बॅचचं तरी असेल.

कंट्रोल मिळवणं फार सोपं. अडीच किलोच्या वरची बाळं भरपूर, आया निवांत. पहिल्या महिन्याभरात मी सत्तरेक कंट्रोल उरकले आणि स्वतःवर खूश झाले. केस मात्र एकेक करून मिळायच्या. कमी वजनाचं बाळ बऱ्याचदा वरच्या मजल्यावर नवजात शिशु कक्षात असायचं. आई टाके सांभाळत, भिंतीला धरून दर दोन तासांनी दूध पाजायला वर जायची. खाटेवर सापडली तरी तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. अशा बाईला चार पानी फॉर्म भरायला बसवताना मलाच कसंतरी व्हायचं, म्हणून मी टाळत राहिले. केसचे फॉर्म दहा-बाराच्या पुढे जाईनात.

मग एक दिवस वॉर्डातल्या मावशी, ज्या एरवी मला फक्त “फ्यान लावू का म्याडम?” एवढंच विचारायच्या, त्या लादी पुसता पुसता थांबल्या.

“म्याडम, रागावू नका, एक सांगू? तुमी तंबाखू खाता का म्हनून इचारताय. तंबाखू गडीमानसं खात्यात. बायका कशाला खातील? बायका मिशरी लावत्यात. मिशरी लावता का, आसं इचारा की.”

शेजारच्याच खाटेवरच्या बाईला मी तासाभरापूर्वी विचारून ‘नाही’ची टिक केली होती. मागे वळून विचारलं, “मिशरी लावता का हो?”

“लावती की. सकाळी, दुपारी, रात्री निजताना. बाळंतपणात कमी केली जरा.”

आणि उशाशी बसलेली सासू मोठ्या अभिमानाने, “मीच भाजून देती तिला. इकतची न्हाय आवडत आमाला.”

मला घाम फुटला. मिशरीला तंबाखू न समजणं हे त्या बायकांचं अज्ञान होतं असं मात्र समजू नका. अज्ञान माझं होतं, आणि त्याला माफी नाही, कारण मी वाढले ते मिशरीच्या वासात. आमची आजी परसात तीन दगडांवर एक जुना, कान तुटलेला लोखंडी तवा ठेवून त्यावर तंबाखूची पानं काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची. ठसक्याने आख्खं घर खोकत बाहेर यायचं. मग ती पानं चुरून, वस्त्रगाळ करून डबीत. सकाळी तर्जनीवर चिमूटभर घेऊन हिरड्यांवर फिरवत अर्धा तास उंबऱ्यावर बसायची. मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तिची ठाम समजूत. त्या आजीला कुणी “तंबाखू खाता का?” विचारलं असतं तर तिने विचारणाऱ्याला बाहेर काढलं असतं. तंबाखू आजोबा खायचे. आजी ‘दात घासायची’. हे सगळं ठाऊक असूनही मी फॉर्म इंग्रजीत रचला आणि त्याचं शब्दशः मराठी केलं. वॉर्डात जाऊन दहा बायकांवर आधी तो पडताळून पाहायला हवा होता. याला पायलट म्हणतात, आणि माझ्या सिनॉप्सिसमध्ये ‘पायलट केला जाईल’ असं चक्क लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. “मिशरी लावता का? दिवसातून किती वेळा? तपकीर ओढता का? पानात तंबाखू घेता का?” ‘हो’च्या टिका पटापट पडू लागल्या. उरलेले तीस कंट्रोल आणि जवळजवळ सगळ्या केस या नव्या प्रश्नाने भरल्या.

ज्याचं डोकं या विषयात थोडं तरी चालतं, तो इथे वाचता वाचता दचकला असेल. मी तेव्हा दचकले नाही. उलट वाटलं, चला, सुधारलं.

झालं होतं ते असं. कंट्रोलपैकी सत्तर जणींना मी असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर ‘नाही’च येणार. केसपैकी नव्वदेक जणींना असा विचारला होता ज्याचं खरं उत्तर येणार. आता मिशरीचा बाळाच्या वजनावर शून्य परिणाम होत असता, तरीही माझ्या तक्त्यात कमी वजनाच्या बाळांच्या आया मिशरीवाल्या जास्त दिसल्याच असत्या. तो फरक बाळांच्या वजनातून आला नसता, मावशींच्या एका वाक्यातून आला असता.

गाइडना सांगितलं. त्यांनी शांतपणे चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “प्रश्न सुधारलास ना? मग चांगलंच झालं की.” त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे त्या वर्षी चार थिसिस होते आणि वर लसीकरण मोहिमेची जबाबदारी. जुन्या सत्तर जणी केव्हाच डिस्चार्ज होऊन गावोगाव गेल्या होत्या. फॉर्मवर पत्ता होता, पण पत्ता म्हणजे ‘मु. पो.’ आणि तालुका. सत्तर फॉर्म फेकून द्यायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

एपी इन्फो नावाचं एक फुकट मिळणारं, काळ्या-निळ्या पडद्याचं सॉफ्टवेअर होतं. त्यात दोनशे ओळी भरल्या, एंटर दाबलं. ऑड्स रेशो एकाच्या चांगला वर, म्हणजे मिशरी आणि कमी वजन यांचा संबंध दिसतोय, आणि पी व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी, म्हणजे तो नुसता योगायोग वाटत नाही. डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले. थिसिस डीटीपीवाल्याकडून टाइप होऊन, काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत बांधून आला. ‘मर्यादा’ या शीर्षकाखाली मी लिहिलं की हा अभ्यास एकाच रुग्णालयापुरता आहे. प्रश्न मध्येच बदलला, हे कुठेही लिहिलं नाही. परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काय-स्क्वेअरचं सूत्र विचारलं, बाइंडिंगचं कौतुक केलं आणि मला सोडलं.

पुढे शिकवायला लागल्यावर एकेक गोष्ट उलगडत गेली, आणि दर वेळी तो काळा थिसिस आठवून कानशिलं तापायची.

उदाहरणार्थ, प्रश्न न बदलताही मी घोळ घालतच होते. कोणती बाई केस आणि कोणती कंट्रोल हे मला खाटेकडे जाण्यापूर्वीच माहीत असायचं. केसशी बोलताना ‘नाही’ आलं की मी जरा रेंगाळायची. “आठवून बघा बरं. माहेरी असताना? डोहाळे लागले तेव्हा?” कंट्रोलने ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न. मुद्दाम नव्हतं ते. मनात आधीच एक गोष्ट तयार होती आणि कान तीच ऐकायला टपलेले होते. बाईच्या बाजूनेही तेच. जिचं बाळ काचेच्या पेटीत आहे, ती गेले नऊ महिने मनात शंभरदा उलगडून बसलेली असते, मी काय खाल्लं, काय उचललं, कुणाच्या पाया पडायची राहिले. गुटगुटीत बाळाची आई आठवायच्या भानगडीत पडत नाही. याला रिकॉल बायस म्हणतात. नाव समजलं म्हणून तो जात नाही.

1950 साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांपुढेही हीच अडचण होती. लंडनच्या 20 रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कॅन्सरचे 709 रुग्ण आणि तितकेच इतर रुग्ण, सगळ्यांना सिगारेटीबद्दल विचारायचं. विचारणाऱ्या समाजसेविकांना कोण कॅन्सरचा हे बहुतेक वेळा माहीत असणारच. मग निकाल त्यांच्या मनातून आला नाही कशावरून? यावर त्यांनी काय पाहिलं ते मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी मलाच पुन्हा मजा वाटते. काही रुग्ण असे होते ज्यांना मुलाखतीच्या वेळी फुप्फुसाचा कॅन्सर समजलं गेलं होतं, आणि नंतर निदान भलतंच निघालं. मुलाखत घेणारीच्या डोक्यात ते ‘कॅन्सरचे’च होते. निकाल तिच्या पूर्वग्रहातून येत असता, तर या लोकांचं धूम्रपान कॅन्सरच्या रुग्णांसारखं दिसायला हवं होतं. ते दिसलं कंट्रोलसारखं. चुकलेल्या निदानांचा कचरा कुणीही बाजूला टाकला असता. यांनी त्याचाच साक्षीदार केला.

माझ्याकडे असा साक्षीदार होता का? होता. ज्या तीस कंट्रोलना नवा प्रश्न विचारला, त्या वेगळ्या काढून नुसत्या नव्या प्रश्नाच्या केसशी ताडून पाहायच्या. अर्ध्या तासाचं काम. ते मी केलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं नाही असं नाही, एकदा सुचलं होतं. पण पेढे वाटून झाले होते.

वजनाचं तर विचारूच नका. लेबर रूममध्ये काट्याचा वजनकाटा होता. काटा हलत असतो, बाळ हात-पाय झाडत असतं, पलीकडे दुसरी बाई कळा देत ओरडत असते. सिस्टरने काटा नेमका 2 किलो 460 वर वाचावा अशी अपेक्षा करणारा माणूस कधी लेबर रूममध्ये उभा राहिलेला नसतो. रजिस्टर उघडून नुसती वजनांची ओळ वाचत गेलात तर कळतं, 2.5, 3, 2.5, 2.8, 2.5, 2, 2.5. निसर्गाला गोल आकड्यांचं एवढं प्रेम नाही. आणि माझी सीमारेषा कुठे? बरोब्बर 2500 वर. म्हणजे 2460 ग्रॅमचं बाळ रजिस्टरात 2.5 होऊन कंट्रोलमध्ये जाऊन बसणार. केस आणि कंट्रोल एकमेकांत मिसळणार, आणि मिसळल्यावर असलेला फरकही पुसट होणार. माझ्या थिसिसात एक चूक उत्तर फुगवत होती, तर दुसरी ते दाबत होती. शेवटी बाहेर पडलेला आकडा या रस्सीखेचीत कुठेतरी अडकलेला होता. त्याला तीन दशांश स्थळं मात्र होती.

मग दिवस. बाळ लहान आहे ते पोटात नीट वाढलं नाही म्हणून, की लवकर जन्मलं म्हणून? यासाठी शेवटच्या पाळीची तारीख लागते, आणि वॉर्डात विचारली तर मिळतं, “बेंदराच्या आधी बसले न्हवते... का नंतर?” मी पिशवीत जुनी दिनदर्शिका ठेवून गावाची जत्रा, बेंदूर, नागपंचमी असं मागे मोजत जायची. ही पद्धत वाईट नाही, सर्वेक्षणांत अशी स्थानिक घटनांची दिनदर्शिका वापरतातच. पण नऊ महिन्यांनंतर विचारलेली तारीख ती नऊ महिन्यांनंतरचीच.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत 1990च्या दशकात जे केलं ते वाचल्यावर मी थक्क झाले होते. त्यांनी गरोदर बायका शोधल्या नाहीत. गरोदर होऊ शकतील अशा दोन हजारांहून जास्त विवाहित बायका गाठल्या आणि कार्यकर्त्या दर महिन्याला त्यांच्या घरी जाऊन पाळीची तारीख टिपत राहिल्या. त्यामुळे बाई गरोदर राहिली की दिवस आपोआप ठरले, आणि गरोदरपणाच्या आधीचं तिचं वजन-उंचीही हाताशी होती. त्यातूनच पुढे आलं की तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, पण आपलं बाळ हडकुळं दिसत असलं तरी चरबी मात्र राखून असतं. मी त्या निष्कर्षापेक्षा त्या महिन्याच्या फेऱ्यांवर जास्त विचार करते. परक्या बाईने दर महिन्याला उंबऱ्यावर येऊन “पाळी आली का?” विचारायचं आणि घरच्यांनी दार उघडायचं, हा विश्वास कोणत्या सूत्राने काढणार?

2004च्या जूनमध्ये एका बॅचमेटचा फोन आला. “अगं, तुझंच आलंय ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये!”

माझं कसलं. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांचा मुंबईतला अभ्यास होता. धूरविरहित तंबाखू, जन्मवजन, गर्भारपणाचा काळ. योगायोग असा की त्याच अंकात थोडी पानं आधी डॉल यांच्या ब्रिटिश डॉक्टरांच्या पाहणीचा 50 वर्षांचा निष्कर्ष होता. 1951 साली ज्यांना पत्र पाठवून “सिगारेट ओढता का?” विचारलं होतं, त्यांतल्या 34,439 पुरुष डॉक्टरांचा अर्धशतकभर पाठपुरावा. डॉल तेव्हा नव्वदी ओलांडलेले. मी दोन्ही लेख लायब्ररीत एका बैठकीत वाचले आणि घरी येऊन भाकरी करपवली.

मुंबईच्या अभ्यासात विषय माझाच, आणि तंबाखू वापरणाऱ्यांतल्या बहुतेक जणी मिशरीवाल्याच. पण उलट्या टोकाने. त्यांनी वॉर्डात बसून वाट पाहिली नाही. घरोघर जाऊन तीन ते सात महिन्यांच्या गरोदर अशा 1217 बायका शोधल्या. मिशरीचं तेव्हाच विचारून ठेवलं, बाळ कसं निघेल हे ना विचारणारीला माहीत, ना सांगणारीला. मग वाट पाहिली. 1167 जणींचं पुढे काय झालं ते कळलं, म्हणजे 96 टक्के. आईचं वय, शिक्षण, वजन, रक्तक्षय, घरची परिस्थिती हे सगळं हिशेबात धरूनही तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी होती आणि सरासरी 6.2 दिवस आधी जन्मली होती. कमी वजनाच्या बाळाची शक्यता दीडपटीच्या जरा वर.

“एकशे पाच ग्रॅम? म्हणजे चार-पाच पेढे!” असं एक विद्यार्थी म्हणाला होता. बरोबर आहे, साडेतीन किलोच्या बाळाच्या अंगावरून चार पेढे काढले तर कुणाला कळणारही नाही. पण आपल्याकडे बाळांची गर्दी सीमारेषेच्या आसपासच असते. तिथे सगळी रांग चार पेढ्यांनी डावीकडे सरकली की किती बाळं रेषेपलीकडे पडतात, ते फळ्यावर काढूनच दाखवावं लागतं.

त्या 96 टक्क्यांवर मात्र माझी नजर खिळली होती. आपल्याकडे गरोदर बाईचा पाठपुरावा म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा कायद्याहून पक्का नियम. मुंबईत नाव नोंदवलेली बाई बाळंत होते ती खेड, माण, नाहीतर पार जौनपूरला. अशा हरवलेल्या बायका सोडून दिल्या तर उरतात कोण? ज्यांना माहेर जवळ आहे, किंवा माहेरच नाही, किंवा दुसरेपण-तिसरेपण आहे. म्हणजे वेगळ्याच बायका.

बॅचमेट फोनवर म्हणाला होता, “तुझा निष्कर्ष बरोबर होता की. त्याच दिशेचा!” मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. शाळेत गणिताच्या पेपरात एखाद्याचं उत्तर बरोबर यायचं आणि रीत पार चुकलेली असायची. बाई त्याला शून्य द्यायच्या आणि तो वर्गभर भांडत फिरायचा. मी त्या मुलाच्या जागी होते, फरक एवढाच की मला पूर्ण मार्क मिळाले होते. मिशरी निरुपद्रवी असती तरी माझ्या तक्त्याने तिला दोषी ठरवलं असतं. जो साक्षीदार काहीही झालं तरी ‘हो’च म्हणणार, त्याची साक्ष खरी निघाली म्हणून तो विश्वासू होतो का?

आणि खरा घाव अजून यायचा होता. 2006 साली त्याच मुंबईच्या बायकांवरचा दुसरा लेख आला, मृतजन्मांवर. तंबाखू वापरणाऱ्यांत 8.9 टक्के बाळं मृत जन्मली, न वापरणाऱ्यांत 3.1 टक्के. बाकी सगळं हिशेबात धरल्यावर धोका 2.6 पट.

मी थिसिस उघडून ‘समाविष्ट करण्याचे निकष’ वाचले. ‘जिवंत जन्मलेलं एकटं बाळ.’ मी जिवंत बाळांच्याच आयांना विचारलं होतं. ज्यांचं बाळ मृत जन्मलं, त्यांना सिस्टर बहुतेक वेळा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडची खाट द्यायच्या, इतर बाळांचं रडणं कमी ऐकू यावं म्हणून. त्या खाटेवरून मी रोज फॉर्म घेऊन पुढे जायची. तिथे थांबायचं नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, निकषांत बसत नव्हतं म्हणून थांबत नव्हते. मिशरीने ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं असेल, त्या माझ्या केसमध्येही नव्हत्या आणि कंट्रोलमध्येही नव्हत्या.

तेव्हापासून कुठलाही अभ्यास हातात आला की मी निष्कर्ष शेवटी वाचते. आधी बघते, या दाराने आत कोण आलं आणि कोण येऊच शकत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली होती, 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. 650 बायका, 92 टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग. आणि त्यापूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. दवाखान्यात बसून कुणी हाच अभ्यास केला असता तर त्याला या 8 टक्केच भेटल्या असत्या, आणि त्यांच्यावरून त्याने पूर्ण गाव रंगवलं असतं.

आता माझ्याकडे पोस्ट-ग्रॅज्युएट विद्यार्थी येतात. हुशार आहेत, एका दुपारी अशी गणितं करतात ज्यांची नावंही मला आमच्या वेळी ठाऊक नव्हती. मी त्यांचं सिनॉप्सिस बाजूला ठेवते आणि म्हणते, फॉर्म मराठीत वाचून दाखव. मोठ्याने. मग मावशींना बोलावते. त्या मावशी केव्हाच निवृत्त झाल्या, ह्या वेगळ्या आहेत, पण फॉर्म ऐकून “ह्ये काय इचारलंय?” म्हणायची हातोटी तीच. एथिक्स कमिटीपेक्षा मला त्यांच्या मंजुरीची धास्ती जास्त वाटते.

गेल्या हिवाळ्यात इंटर्न्सना घेऊन आमच्या ग्रामीण केंद्राच्या एका गावात सर्वेक्षणाला गेले होते. घरांची यादी केली, दारांवर खडूने नंबर टाकले, त्यातली ठरावीक अंतराने निवडलेली घरं वाटून दिली. अर्ध्या तासात एक मुलगा धावत आला. “मॅडम, सतरा नंबरला कुलूप आहे. अठरा घेऊ? अठरामधले काका घरीच आहेत, चहाला पण बोलावतायत.”

“संध्याकाळी परत जा सतराला.”

“पण मॅडम, एका घराने काय फरक पडतो?”

ऊसतोडीचे दिवस होते. दिवसा ज्या घरांना कुलूप, त्यांची माणसं फडात. दिवसा जी उघडी, तिथे चहाला बोलावणारे काका. मी त्याला यातलं काही सांगितलं नाही, सहा वाजता जीपमधून सोबत गेले. सतरा नंबरचं दार उघडं होतं. बाई नुकतीच आली होती, डोक्यावरचं चुंबळ अजून तसंच. इंटर्नने फॉर्म काढला तशी ती म्हणाली, “थांबा की दादा, दिवसभर तोंडाला काय न्हाय, आधी मिशरी लावती. मग काय बी इचारा.” तो माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं.

आणखी तीन घरांना कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी एक उघडलं. दोन शेवटपर्यंत उघडली नाहीत. शेजारी म्हणाले, कारखान्यावर गेलेत, आता पाडव्यालाच येतील. इंटर्न त्या दोन ओळी खोडायला निघाला होता. त्याच्या हातातून पेन घेऊन मी दोन्ही नंबरांपुढे ‘कुलूप – तीन फेऱ्या – कारखान्यावर’ असं लिहिलं आणि रजिस्टर त्याच्याकडे परत दिलं.